हॉस्टेलमागच्या बागेतले काका

समक्ष हजर राहून सांगते की, “जायचं तर जा, पण काकांना सांगून जा,” हे वाक्य सव्वीस वर्षांपूर्वी ज्या सिस्टर मला म्हणाल्या, त्यांच्यासंबंधी हा जबाब आहे. लिहून घेणाऱ्या हवालदारांचे म्हणणे पडले की जबाबाची सुरुवात अशी होत नाही, आधी वय, धंदा, पत्ता. ते बरोबर आहे. माझे नाव वरच्या रकान्यात आले आहे. वय ४४ वर्षे. धंदा डॉक्टर, लहान मुलांची. राहणार मेडिकल कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, औषधाच्या दुकानाच्या वरचा मजला. सोबत नवरा आणि सासूबाई राहतात. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे.

मी त्याच कॉलेजात शिकले. कॉलेज कॅथलिक सिस्टरांच्या संस्थेचे आहे. विचारल्यावरून सांगते की मी त्यांच्या धर्माची नाही, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली नव्हत्या. त्यावरून आम्हाला कोणी कधी काही विचारले नाही.

परवा सकाळी मुलींच्या हॉस्टेलमागच्या बागेत पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना मजुराची कुदळ एका लाकडी पेटीला लागली. पेटीत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली माणसाची हाडे होती. कवटी वरून गोल कापलेली होती. हाडांवर लाल आणि निळ्या रंगाच्या खुणा होत्या. मजूर कुदळ तिथेच टाकून रस्त्यापर्यंत पळाला. हे मी पाहिलेले नाही, हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी मला फोनवर सांगितले. पोलीस आले, पंचनामा झाला, त्यात खुणा रक्ताच्या असाव्यात असे लिहिले गेले, पेटी जप्त झाली. संध्याकाळपर्यंत आमच्या रस्त्यावर बोलले जाऊ लागले की सिस्टरांच्या आवारात जादूटोण्याचा प्रकार निघाला. खालच्या औषधवाल्याने मला जिन्यात गाठून विचारले, “डॉक्टरीणबाई, तुम्ही तिथे एवढी वर्षं काढलीत, रात्रीबेरात्री अंगात वगैरे येत नाही ना तुमच्या?” मी त्याला सांगितले की येते, उधारी मागायला आलास की येते.

काल ठाण्याचे साहेब कॉन्व्हेंटमध्ये आजारी सिस्टरांसाठीच्या खोलीत गेले. या जबाबातल्या सिस्टर तिथे असतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना शिकवत, आणि मुलींच्या हॉस्टेलची अभ्यासिका सांभाळत. साहेबांनी त्यांना विचारले, पेटी कोणी पुरली. त्या म्हणाल्या, “मी.” मयत कोण, असे विचारले. त्या म्हणाल्या, “माहीत नाही.” कवटी कोणी कापली, असे विचारले. त्या म्हणाल्या, “ते मी पाहिलं नाही. पण फार नीट कापली आहे.” यावर साहेबांनी आणखी काही विचारले नाही, आणि त्यांनी आणखी काही सांगितले नाही.

साहेबांनी याला कबुली म्हटले, त्यात साहेबांची चूक नाही. तोंडी परीक्षेला जाताना सिस्टर प्रत्येक बॅचला एकच गोष्ट बजावत, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, ज्यादा बोललात की फसलात. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेले त्यांनी काल स्वतः पाळले. त्यांच्या खोलीच्या दाराशी आता एक महिला कॉन्स्टेबल बसवली आहे. समाधानकारक खुलासा झाला नाही तर सिस्टरांवर गुन्हा नोंदवावा लागेल, असे साहेबांनी वॉर्डनबाईंना सांगितले. तो खुलासा करायला मी आले आहे.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की काका म्हणजे माझ्या वडिलांचे भाऊ नव्हेत. काका म्हणजे ती पेटी. म्हणजे पेटीतली हाडे. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला माणसाची हाडे हातात घेऊन अभ्यास करावा लागतो. आता प्लास्टिकची मिळतात, आमच्या वेळी खरी असत. वरच्या वर्गातल्या मुली आपली पेटी खालच्या वर्गातल्या मुलींना देऊन जात. पण एक पेटी कोणा एकीची नव्हती. ती हॉस्टेलच्या अभ्यासिकेत खिडकीखाली असे, ज्यांना स्वतःची पेटी मिळालेली नाही अशांसाठी. सिस्टर कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा ती एका जुन्या कपाटात पडलेली होती. तिच्याबरोबर कसलाही कागद नव्हता. कुठल्यातरी बॅचने काका म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटले.

काकांच्या बाबतीत सिस्टरांचे नियम होते. पेटी उघडताना आपापल्या घरी मोठ्या माणसाला जे म्हणतात ते म्हणायचे. हाड टेबलावर आपटायचे नाही. ज्या टेबलावर काका, त्यावर खाणे नाही. आणि काकांबद्दल गोष्टी रचायच्या नाहीत. हा शेवटचा नियम आमच्यामुळे आला. काकांचे डावे कॉलरबोन, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणारे आडवे हाड, जिवंतपणी कधीतरी मोडून वाकडे जुळलेले होते. त्यावर आमची रोज नवी कथा असे. कोणी म्हणे झाडावरून पडले. माझी रूममेट, जिला सगळे ‘गजर’ म्हणत कारण ती पहाटे आख्खा मजला उठवायची, तिचे म्हणणे होते की बायकोने ढकलले आणि चांगलेच केले. सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुला त्यांनी सांगितलं? नाही ना? मग त्यांच्या घरचं त्यांच्याजवळ राहू दे.” गजर त्यानंतर आठवडाभर पेटी उघडताना “चुकलं, काका” म्हणत होती.

जप्त केलेली हाडे तीच आहेत. ते वाकडे हाड साहेबांनी मला आज दाखवले, मी ओळखले. कवटीचा वरचा भाग आतले पाहता यावे म्हणून करवतीने कापतात आणि बाजूला छोटे हुक बसवतात, म्हणजे झाकणासारखा काढता-लावता येतो. हुक अजून आहेत. लाल आणि निळ्या खुणा आमच्या आहेत. स्नायू जिथून सुरू होतो तिथे लाल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा, असे रंगवून पाठ करायची पद्धत आहे. उजव्या मांडीच्या हाडावर एक निळी खूण ओघळलेली दिसेल. ती गजरला शिंक आली तेव्हाची आहे. याच्यात जादू नाही आणि टोणाही नाही.

आता सुरुवातीचे ते वाक्य मला कधी म्हटले गेले ते सांगते. साहेबांनी विचारले की याचा तपासाशी संबंध काय. पेटी का पुरली हे विचारले आहे, म्हणून आधी हे सांगावे लागेल.

मी ज्या घरातून आले त्या घरात कॉलेजात गेलेले कोणी नव्हते. आई शिवणकाम करायची. कॉलेजात सगळे इंग्रजीतून चाले. पहिले काही महिने मी वर्गात पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत बसत असे, कारण तेवढेच समजत होते. पहिल्या चाचणीचा निकाल फलकावर लागला त्यात माझा क्रमांक खालून शोधला तर लवकर सापडत होता. सुटीच्या दिवशी दुपारी मी बॅग भरली. कोणाला बोलले नाही. हॉस्टेलच्या पायऱ्यांवर सिस्टर मुलींच्या पांढऱ्या कोटांची बटणे लावत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, कुठे. मी म्हटले, घरी. त्यांनी बॅगेकडे पाहिले. सुटी एका दिवसाची आणि बॅग वर्षाची होती. त्यांनी मला थांब म्हटले नाही. दोरा दाताने तोडला आणि ते वाक्य म्हटले.

मला राग आला होता. बॅग खांद्यावर ठेवूनच मी अभ्यासिकेत गेले आणि पेटी उघडली. आमच्या घरी उंबऱ्याबाहेर पडताना म्हणतात तेच तोंडातून निघाले, “येते, काका.”

सिस्टर मागून आल्या होत्या. म्हणाल्या, “ये हो. सावकाश ये. त्यांना कुठे जायचंय?”

मला हसू आले आणि त्याबरोबर दुसरेही काही आले, ते लिहून घेण्यासारखे नाही. सिस्टरांनी समोरची खुर्ची ओढली, एक हाड उचलून माझ्या हातात दिले आणि विचारले, हे काय. मला इंग्रजी नाव येत नव्हते. त्या म्हणाल्या, आईला काय सांगशील? मी म्हटले, दंडाचे हाड. कुठल्या दंडाचे? मी ते माझ्या हाताशी लावून पाहिले, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि म्हटले, उजव्या. त्या म्हणाल्या, “येतंय की तुला. राहिलं फक्त पुस्तकातलं नाव, ते पाठ करता येतं. उजवं-डावं हाताला कळावं लागतं.”

मी त्या दिवशी गेले नाही. बॅगेतले कपडे संध्याकाळी गजरने परत कपाटात लावले. घड्या वाईट घातल्या होत्या.

त्यानंतर वर्षभर संध्याकाळी मी काकांपाशी बसले. माझ्यासारख्या आणखी तिघी-चौघी होत्या. चॅपलची घंटा झाली की सिस्टर प्रार्थनेला जात, ज्यांना जायचे त्या त्यांच्यामागून जात, बाकीच्या आम्ही बसून राहत असू, आणि परत आल्यावर त्या जिथे थांबल्या होत्या त्याच हाडापासून पुढे सुरू करत. हॉस्टेलमध्ये प्रत्येक नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक थोरली बहीण नेमून दिलेली असे. माझी थोरली कपडे धुताना माझ्याकडून पाठ म्हणून घ्यायची आणि चुकले की ओला पिळा खांद्यावर मारायची. वर्गातल्या एकीचे वडील वर्षाच्या मध्येच वारले, तेव्हा सिस्टर तिच्याबरोबर बसने तिच्या गावी गेल्या, दिवसकार्य उरकेपर्यंत राहिल्या आणि तिला घेऊनच परत आल्या. तिच्या आईने विचारले होते, आता हिला कशाला नेता. सिस्टरांनी काय सांगितले ते त्या दोघींनाच माहीत. ती आज हृदयरोगतज्ज्ञ आहे. काल रात्री तिनेच सिस्टरांचे रिपोर्ट पाहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी ट्रेमधले एक कॉलरबोन उचलून माझ्यासमोर धरले. मी सवयीने ते दोन्ही हातांनी घेतले आणि मान वाकवून म्हणाले, “नमस्कार, काका.” परीक्षकांना वाटले मी त्यांना म्हणाले. त्यांचे केस नुकतेच पिकू लागले असावेत, कारण त्यांना ते आवडले नाही. पण पुढे त्यांनी विचारलेले मला सगळे आले. बाहेर आल्यावर सिस्टरांना हे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोक्यावरचे वस्त्र सरकले आणि त्यांचे केस मला पहिल्यांदा दिसले. ते तेव्हाच पांढरे होते.

मी पास झाले. आई निकालाच्या दिवशी आली होती. तिला मी काकांपाशी नेले. तिने पेटीला हात जोडले आणि सिस्टरांना म्हणाली, “पोरगी तुमच्या पदरात टाकली होती, तुम्ही उभी करून दिलीत.” सिस्टर म्हणाल्या की त्यांनी फक्त बटणे लावली.

आता पेटी पुरल्याबद्दल. सहा वर्षांपूर्वी सिस्टरांनी शिकवणे थांबवले. कॉलेजात तोपर्यंत प्लास्टिकचे सांगाडे आले होते. जुनी खरी हाडे दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवायची असे ठरले. नियम तसाच आहे, मीही माझ्या दवाखान्यात तो पाळते. सिस्टरांनी बाकीच्या पेट्यांबद्दल काही म्हटले नाही, त्या आधीच गेल्या होत्या. पण काकांची पेटी त्या स्वतः उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि मला व गजरला निरोप पाठवला. गजर दुसऱ्या शहरात डोळ्यांची डॉक्टर आहे. ती दवाखाना बंद ठेवून आली.

माझ्या समजुतीप्रमाणे सगळा घोटाळा इथे झाला. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुखांनी, त्यांना सांगितले होते की आपल्या दफनभूमीत कोपऱ्यात जागा आहे, तिथे ठेवा, वर क्रूस लावा. तसे केले असते तर आज पोलीस आले नसते. या सिस्टर नाही म्हणाल्या. मी तिथे हजर होते. त्यांचे शब्द असे होते: “ते कुठल्या देवाला मानत होते, मला माहीत नाही. त्यांना इथे कोणी न विचारता आणलं. आता पुन्हा न विचारता आपल्यात कसं ओढू?” म्हणून त्यांनी दफनभूमी सोडून हॉस्टेलमागची बाग निवडली. तिथून अभ्यासिकेची खिडकी दिसते. वर कसलीही खूण ठेवली नाही, ती याच कारणाने. लपवायचे म्हणून नाही.

रविवारी दुपारी, उजेडात, आम्ही खड्डा खणला. मी, गजर आणि तेव्हा हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुली. माळी कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, “पोटं फाडायला शिकलात बायांनो, जमीन काही तुम्हाला जमणार नाही,” आणि आमच्या हातातले फावडे काढून घेतले. तो आता आपल्या मुलीकडे राहतो, त्याचा पत्ता वॉर्डनबाई देतील. हाडे सिस्टरांनी स्वतः एकेक करून चादरीत ठेवली, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. चादर हॉस्टेलची आहे, तिच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याने हॉस्टेलची खूण भरलेली सापडेल. एका मुलीने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. सिस्टर म्हणाल्या, मनात म्हण, मोठ्याने नको, त्यांना परकं वाटेल. मग सगळ्या आपापल्या मनात काय ते म्हणाल्या. गजर “चुकलं, काका” म्हणाली असावी, तिचे ओठ मला दिसत होते.

कोणाची परवानगी का घेतली नाही, असे साहेबांनी विचारले. आमच्यापैकी कोणाला ते सुचले नाही. एवढ्या सगळ्या शिकलेल्या बाया तिथे उभ्या होत्या, पण सुचले नाही. त्यासाठी जो काही दंड किंवा कारवाई असेल ती माझ्या आणि गजरच्या नावाने व्हावी. तिची संमती मी फोनवर घेतली आहे. ती म्हणाली की आधी साहेबांचे डोळे तपासून घे, निळा रंग त्यांना रक्तासारखा दिसला कसा. हे वाक्य जबाबात नको असे मी म्हटले होते, हवालदारांनी ते हसत हसत लिहून घेतले आहे. राहू द्यावे.

साहेबांनी शेवटी विचारले की तुमचा या सिस्टरांशी काही नात्याचा, व्यवहाराचा संबंध आहे का. नाही. कॉलेज सोडल्यावर मी त्यांना वर्षातून एकदोनदा भेटत असे. माझ्या दवाखान्यात मूल रडायला लागले की मी आधी त्याला त्याच्या भाषेत विचारते, दुखतंय ते आईला काय सांगशील. हे मी कुठे शिकले हे रोज आठवत नाही. काल रात्री आठवले. त्यांनी मला शिकवले, ठेवून घेतले, आणि कधी त्याची आठवण करून दिली नाही. एवढाच संबंध आहे.

आज इथे येण्याआधी मी त्यांना भेटून आले. महिला कॉन्स्टेबलने मला आत सोडले. सिस्टरांनी तिच्यासाठी उशी असलेली खुर्ची मागवून घेतली होती आणि कॉन्स्टेबल त्या खुर्चीवर बसलेली होती. सिस्टरांना गुन्ह्याबद्दल काही विचारायचे नव्हते. त्यांनी मला विचारले की काकांना परत ठेवलं का. मी म्हटले, अजून नाही. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. वॉर्डनबाई म्हणाल्या की सकाळपासून त्या दर थोड्या वेळाने हेच विचारतात, आणि सगळ्या सिस्टर खरे तेच सांगतात, कारण त्या घरात तशीच रीत आहे. त्यांचे हृदय फार थकले आहे. फार दिवस नाहीत असे माझी हृदयरोगतज्ज्ञ मैत्रीण म्हणते. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, तरी मलाही ते दिसले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. दोन ठिकाणी त्यांनी माझे रडणे वगळले आहे, त्याला माझी हरकत नाही. कोणाच्या दबावाने किंवा सांगण्यावरून मी काही बोललेले नाही. सही करण्याआधी एक विनंती यात लिहून घ्यावी. हाडे आज संध्याकाळपर्यंत आमच्या ताब्यात द्यावीत. खड्डा मी स्वतः खणीन, पाइप दुसरीकडून नेण्याचे मजुरांनी मान्य केले आहे, आणि साहेबांना हवे तर पोलिसांसमोर ठेवू. तपास नंतर करायचा असेल तर जागा दाखवायला मी येईन, तेव्हा हवे तर पुन्हा काढा. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही आणि हुकमाला महिने लागतात, हे साहेबांनी मला दोन वेळा समजावून सांगितले आहे, आणि आताही ते मान हलवत आहेत. तरीही मी मागते आहे. सिस्टर पुढच्या वेळी विचारतील तेव्हा मला हो म्हणायचे आहे, आणि ते खरे असायला हवे.